जानेवारीची तिकिटं काढू नकोस

प्रिय निबाल्दोदादा,

तुझा निरोप मिळाला. जानेवारीत पोरांना सुट्ट्या, तुला खाणीतून रजा, यास्नालाही एकदा सासर बघायचंय, आणि पेंग्विनांच्या बेटावर जाणारी बोट आधी ठरवावी लागते का, असं सगळं तू विचारलंयस. इतक्या वर्षांनी तुला घराची आठवण झाली आणि पहिला प्रश्न पेंग्विनांचा. वाचून हसू आलं, मग रागही आला. पेंग्विन कुठे पळून जात नाहीत. तू जानेवारीची तिकिटं काढू नकोस, काढली असशील तर रद्द कर. जूनमध्ये ये, एकटा ये. का, ते सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे. एकदम सांगायला गेले तर माझ्याच्याने पुढे लिहवणार नाही. फोनवर तर हे बोलताच येत नाही, कारण हल्ली फोन वाजला की आई तो माझ्या हातातून हिसकावून घेते.

जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, पुंता अरेनासला यायचं म्हणजे यास्ना तुला वेड्यात काढेल, हे मला कळतं. सूर्य उगवतो तोवर खेकड्यांच्या कारखान्यात आमची अर्धी सकाळ सरलेली असते, आणि चहाच्या वेळेला तो गेलेलासुद्धा असतो. फुटपाथवर बर्फाची काच होते. शेजारची एर्मिंदाबाई गेल्या वर्षी पावाच्या दुकानापुढेच पडली आणि अजून लंगडते. पण वारा जूनमध्ये कमी असतो. चौकात माणसांना धरायला दोर बांधतात तो वारा तुमच्या त्या जानेवारीतलाच, तेव्हा उन्हाळ्याचं एवढं कौतुक नको. आंतोफागास्ताच्या वाळवंटातली जाकिटं आणू नकोस, ती इथे कागदासारखी आहेत. खिळ्यांच्या तळाचे बूट मी तुझ्यासाठी बघून ठेवलेत. सांतियागोहून सकाळचं विमान घे, उशिराचं कधीकधी धुक्यामुळे परत फिरतं. हॉटेलाचं नाव काढू नकोस. मागच्या खोलीतला गॅसचा हीटर दुरुस्त करून घेतलाय, खोली उबदार आहे.

घरी आई स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसून असते. सूपमध्ये मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही. बाबा गेले हे ती कधी विसरते, कधी तिला आठवतं. हात मात्र काही विसरलेले नाहीत, विणायच्या सुया अशा चालतात की बघत राहावं. पण हाडं आणि कातडी एवढीच उरली आहे रे. पोटातली गाठ यकृतापर्यंत गेली आहे. दवाखान्यातली डॉक्टर तरुण आहे, स्वभावाने चांगली आहे. तिने आधी हिवाळा निभेल असं सांगितलं, औषधं सांगितली, दुखायला लागलं तर काय द्यायचं ते सांगितलं. मी म्हटलं, माझा भाऊ जानेवारीत यायचं म्हणतोय. तर ती माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागली. आता कळलं ना, पेंग्विनांवर मी का चिडले ते.

एवढंच असतं तर मी चार ओळींत लिहिलं असतं. पुढचं अवघड आहे.

आपल्या सेलिंदोची बोट बुडाली तेव्हा तू आला नाहीस. मी त्यावरून भांडायला बसलेले नाही, पण त्या दिवशी इथे काय झालं ते तू पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते. खेकड्यांचा हंगाम होता. बोटीच्या फळ्या सापडल्या, एक पेटी सापडली, माणसं नाहीत. आरमाराने शोध थांबवला, तेव्हा आपल्या चिलोए बेटावरच्या रीतीप्रमाणे आम्ही त्याच्या कपड्यांना शवपेटीत ठेवलं. आईने कुणाला हात लावू दिला नाही. तिने शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली, पँट ठेवली, मोजे बुटांत खोचले, आणि वरून तो निळा स्वेटर नीट घडी मोडून माणसाच्या अंगात असावा तसा पसरला. शेजारीपाजारी आले, जपमाळ झाली, मटणाचं सूप झालं, कडू माते-चहा पीत लोक रात्र जागले. आई रडली नाही. बाई खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

या मार्चमध्ये, पहिली थंडी पडली तेव्हा, ती कपाट उपसून बसली. निळा स्वेटर कुठे आहे म्हणाली. मी म्हटलं, आई, तो आपण पुरला ना. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच भ्रमिष्ट झालेय. म्हणाली, “कपडे पुरले आपण. पोराला कुठे पुरलंय?”

खोटं काय होतं त्यात? तिच्या डोक्यात सगळं सरळ आहे. सेलिंदो दक्षिणेच्या कुठल्यातरी बेटावर अडकलाय, आणि आपण मूर्खांनी त्याचे सगळे कपडे मातीत घातलेत. आता तो येईल तेव्हा अंगात काय घालेल? दुसऱ्याच दिवशी तिने लोकर आणायला लावली. मी एकदा तिला बसवून, हात हातात घेऊन खरं सांगितलं. तेव्हा ती रडली, त्या शवपेटीपुढे रडली नव्हती ते सगळं रडली. सकाळी उठून तिने पुन्हा विचारलं, सेलिंदोचा काही निरोप? दादा, मी खेकडे सोलते, माझं मन काही फार हळवं नाही. पण रोज सकाळी उठून भावाला मारणं मला जमणार नाही.

आणि मग ईस्टरला तुझा फोन आला. मी कारखान्यात होते. तू म्हणालास, आई, मी घरी येतोय. ती फोनवर रडली, लवकर ये रे राजा म्हणाली, थंडीत भटकू नकोस म्हणाली. तू मला नंतर किती आनंदाने सांगितलंस की आईने शेवटी माफ केलं. वाळवंटात कसली थंडी, म्हणून हसलासही. मी संध्याकाळी घरी आले तर एर्मिंदाबाई रुबार्बच्या मुरंब्याची बरणी घेऊन दारातच उभी. हळूच विचारते, ओतिलिया, तुझी आई गल्लीभर सांगत सुटलीये की सेलिंदोचा फोन आला होता, खरं का गं? दादा, तुझा नि सेलिंदोचा, दोघांचा आवाज बाबांचाच. मलासुद्धा फोनवर क्षणभर धस्स होतं.

ती रडली ते तुझ्यासाठी नव्हतं रे. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तुला विमानतळावरून घरी आल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

म्हणून हे पत्र. येशील तेव्हा दारातून सेलिंदो होऊन आत ये. स्वेटर होत आला आहे, फक्त दुसरी बाही राहिली आहे, आणि ती संपवण्याच्या ओढीवरच आई दिवस काढते आहे असं मला वाटतं. तुला तो पोटावर घट्ट होईल. ती म्हणेल, बेटावर काय खात होतास इतका? तू हसून घे. तो स्वेटर तिच्यादेखत अंगातून काढू नकोस. पण खरी कसोटी त्यानंतरची आहे. लग्न करून निघालास तेव्हा ती तुला दारात म्हणाली होती, जातोस तर परत येऊ नकोस. तिने आम्हाला आठवड्यातून दोनदा घराबाहेर काढलंय, आम्ही कुणी गेलो नाही. तू एकटाच तिचा शब्द धरून बसलास. त्यानंतर तिने तुझं नाव माझ्यापाशी कधी काढलं नाही. सेलिंदोपाशी मात्र काढायची. तो समुद्रावरून आला की त्याला शेजारी बसवून दर वेळी एकच विचारायची, आणि आता ती तुझा हात धरून तुलाच विचारेल, निबाल्दो अजून माझ्यावर रागावलाय का रे? सेलिंदो बिचारा दर वेळी म्हणायचा, मला काय माहीत, आई. तुला माहीत आहे. बाकी सगळं मी शिकवलं, ते उत्तर तेवढं तुझं तू दे.

तुझीच,
ओतिलिया