ओढ्यापलीकडच्या अळ्या

चिंचिला, ४ मार्च १९२८

ती. एडीताईस,

एर्नचा सा. न. वि. वि. ब्रिस्बेनला तुम्ही सगळे खुशाल असालच. इथे आम्ही नवराबायकोही आहोत. ओढ्यापलीकडे आपला भाऊ क्लॅरी मात्र जरा जास्तच खुशाल आहे.

सरकारी केंद्रातून त्या निवडुंग फस्त करणाऱ्या पतंगाच्या अंड्यांच्या पेट्या आल्या, त्या आधी पलीकडच्या काठाला दिल्या. अंडी चिकटवलेले कागद त्याने निवडुंगाच्या पानांना टाचण्यांनी टोचले आणि स्वारी म्हणे व्हरांड्यात पाय पसरून बसली. मी इतकी वर्षं कुऱ्हाड चालवतोय आणि याचं रान अळ्या खातात. सडक्या निवडुंगाचा वास माझ्या जेवणाच्या टेबलापर्यंत येतो, आणि त्यात मला घाणीपेक्षा त्याची फुशारकीच जास्त जाणवते. लहानपणी दुधावरची साय कुणाच्या वाट्याला जायची, ते तुला आठवत असेल.

परवा त्याने अंड्यांची एक पेटी माझ्याकडे पाठवली. मी तशीच परत धाडली. त्याचे उरलेसुरले किडे मला नकोत. शिवाय ओढ्याकाठच्या माझ्या निवडुंगावर सोमलाच्या विषाचा फवारा मारून ठेवला, म्हणजे त्याचे पतंग इकडे आले तरी उपाशी मरतील. पुढच्या वर्षीच्या नाताळाआधी रान मोकळं झालं नाही, तर जमिनीचा भाडेपट्टा रद्द होईल असं निरीक्षक बजावून गेलाय. मी माझ्या हातांनी मोकळं करीन.

लोभ असावा, क्लॅरीवर आहे त्याहून चमचाभर जास्त.

तुझा,
एर्न

ब्रिस्बेन, १५ मार्च १९२८

चि. एर्न यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग रात्रभर जागी राहिले. तोडलेलं पान पडेल तिथे मूळ धरतं, हे मला तूच दाखवलं होतंस ना? मग कुऱ्हाडीने काय साफ करणार आहेस? जमीन वाचवणाऱ्यांनाच विष घातलंस, केवळ ते क्लॅरीच्या घरून येतात म्हणून. सायीचं म्हणशील, तर ती मी खायची. इतकी वर्षं तुम्ही एकमेकांवर संशय घेत होतात, म्हणून गप्प राहिले.

क्लॅरीला लिहू का, असं विचारत नाही, कारण तू नको म्हणशील. लिहिलंय. डल्सीला जप, आणि या म्हातारीवर राग धरू नकोस.

तुझी,
एडीताई

चिंचिला, ८ एप्रिल १९२८

ती. ताईस,

क्लॅरीचा सा. न. वि. वि. तू सांगितलेलं काम झालं. काल एर्न घोड्यांच्या शर्यतींना गेला होता, तेवढ्यात अळ्या लागलेली पानं गाडीतून नेऊन त्याच्या मागच्या कुंपणालगतच्या निवडुंगाला बांधली. तिथे सोमल पोहोचलेला नाही. त्याला सांगू नकोस, एकेक अळी वेचून परत पाठवील.

मला फार चांगलं समजू नकोस. त्याची विहीर गोड लागली, माझी मचूळ. ते मी अजून विसरलो नाही. पण त्याचा पट्टा गेला तर शेजारी कुणीतरी परका येईल, आणि इतक्या मनापासून माझा हेवा करणारा माणूस मला पुन्हा कुठे मिळणार?

आहे ती माया आटू देऊ नकोस.

क्लॅरी

चिंचिला, २२ नोव्हेंबर १९२९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पट्टा कायम झाला. निरीक्षक सही करून, डल्सीच्या हातचा भोपळ्याचा केक खाऊन गेला.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. गेल्या साली मागच्या कुंपणाशी शेंदरी, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या. पानं सुतळीने बांधलेली, आणि गाठ बाबांची, लोकरीच्या गासड्यांना मारायची. ती आम्हा दोघा भावांनाच येते. मी चाकू उघडला. डल्सी म्हणाली, सुतळी जपून कापा, पट्टा गेला की सामान बांधायला लागेल. मी चाकू मिटला.

बाकी रानातला निवडुंग कधीच आडवा झाला होता. ओढ्याकाठचा तेवढा, सोमल मारला तरी मुळातून पुन्हा फुटलेला, शेवटपर्यंत उभा होता. तोही गेल्या आठवड्यात कोसळला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारातून क्लॅरीचं घर दिसलं. तो बाहेरच बसला होता. त्याने हात वर केला. मीही केला. बराच वेळ दोघांनी खाली घेतला नाही.

मग नीट पाहिलं. त्याचा व्हरांडा माझ्यापेक्षा रुंद आहे.

उद्या लाकूडवाल्याकडे जातोय. दोघांवर सारखाच लोभ ठेव. मी इथून मोजतोच आहे.

तुझा,
एर्न