मारणाऱ्याची जागा

३ तारीख
पोचलो एकदाचे! घर लहान, पण संग्रहालयाला अगदी खेटून. बायको म्हणाली, आता कामाला उशीर झाला म्हणून सांगायचीही सोय उरली नाही. आमच्या लेकीनं, चिमीनं, आल्या आल्या खिडकीतली जागा बळकावली. काम माझ्या आवडीचं आहे: मागच्या माळावर लष्करी रायफलींच्या जुन्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सापडतात, त्या ओळखायच्या. बुडावर कारखान्याचा शिक्का नि वर्ष, मधे गोळी झाडताना पडलेला रायफलच्या पिनेचा खड्डा. संग्रहालयाच्या शिपाईकाकांनी बजावलं, बघून झाली की जिथली तिथे परत ठेवायची. मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

६ तारीख
एकेचाळीस गोळा केल्या. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली होती: कुठल्या दगडापासून किती पावलं. पण शिक्के वाचता येईनात, म्हणून चिठ्ठ्या काढून सगळ्या एकदमच लिंबाच्या पाण्यात टाकल्या. लखलखीत निघाल्या! वर्षं वेगवेगळी, पण पिनेचा खड्डा सगळ्यांवर तसाच, एका बाजूला सरकलेला. म्हणजे रायफल एकच. काकांना दाखवल्या तर ते आधी चिठ्ठ्याच शोधू लागले. म्हणाले, पुंगळ्या जागच्या जागी असल्या तरच तो माळ सोडत नाही. तो कोण, ते सांगेनात. कुठली कुठे होती, एवढंच विचारत राहिले. आता मी तरी कसं सांगणार?

९ तारीख
काका गेले. फाटकात पडलेले सापडले. अंगावर ओरखडासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.
अंगणात एक पुंगळी होती. शिक्का जुना, पितळ कोरं, हाताला गरम. तोच सरकलेला खड्डा. आवाज कुणीच ऐकला नाही. रायफल पुंगळी उजवीकडे फेकते, त्यावरून मारणाऱ्याची जागा काढली. कुंपणापाशी. तोंड फाटकाकडे.

१० तारीख
एकेचाळीसही अंदाजानं माळावर ठेवून आलो. अंदाजानं! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. मला भयंकर भीती वाटते आहे. बायकोला सांगितलं, उद्या चिमीला घेऊन माहेरी जा.

११, सकाळ
ती पायरीवर पडली. बॅग हातातच.
पुंगळी गरम.
चिमी विचारते, आई कधी उठणार —

११, दुपार
दारं-खिडक्या लावल्या. चिमीला समोर बसवलं आहे, नजरेसमोर. मान खाली घालून चित्र काढते आहे.
काहीतरी खणकन वाजलं — माझ्या उजव्या हाताशी — गरम —
उजवीकडे. म्हणजे मारणारा इथेच, माझ्याच खुर्चीपाशी, आणि तोंड —
चिमीला हाक मारली. मान अजून खालीच. परत मारली. ती —