मागचा आकडा

प्रिय धाकटे,

तू पाठवलेलं कोर्सचं माहितीपत्रक आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. मधे तुझे चार फोन येऊन गेले आणि चारही वेळा पेशंट आहेत असं सांगून मी फोन ठेवला. दोनदा खरंच होते. फोनवर मी वेळ मारून नेते हे तुला चांगलं माहीत आहे, म्हणून आज सुट्टी टाकून सकाळपासून लिहायला बसलेय. तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, आईच्या खात्यातले पैसे काढून पंधरा तारखेच्या आत मेडिकल असिस्टंटच्या कोर्सची फी भरू का? दुसरी तू अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलीस. आई हल्ली डाव्या हाताने उजव्या हाताची बाही सारखी वर सारते, तिला उकडतं की काय, तुला काही कळतं का? पहिलीचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देते.

नको भरू.

आता म्हणशील, स्वतः शिकली आणि मला नाही म्हणते. म्हणून हिशेबच मांडते. माहितीपत्रकात फी अठ्ठेचाळीस हजार लिहिली आहे, ती खरी आहे. पण गणवेश आणि बूट तीन हजार, परीक्षेचे वेगळे चार हजार आणि पुस्तकांचे दोन हजार हे त्यात कुठेच नाही, ते भरती झाल्यावर एकेक करून कळतं. दहा महिने जाण्यायेण्याचे दहा हजार धर. झाले सदुसष्ट. शिवाय मी कपड्यांच्या दुकानातली नऊ हजारांची नोकरी सोडली होती, म्हणजे दहा महिन्यांचे नव्वद हजार मिळायचे ते मिळाले नाहीत. एकूण एक लाख सत्तावन्न हजार. 'पंचवीस हजारांपर्यंत पगार' यातला 'पर्यंत' हा शब्द मी तेव्हा वाचलाच नव्हता. मला तेरा हजारांवर घेतलं आणि चार वर्षांनी साडेसोळा मिळतात. माझ्याबरोबर दुकानात उभी राहायची ती घारी आठवते? ती तिथेच राहिली, तिला आज पंधरा मिळतात. म्हणजे एवढं शिकून मी तिच्यापुढे महिन्याला दीड हजाराने. या वेगाने पैसे फिटायला पावणेनऊ वर्षं लागतील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला मी विकत घेतला.

आणि त्या मसाल्यात काय होतं म्हणशील, तर हाडांची नावं. दोनशे सहा. अजून पाठ आहेत, आजवर एकानेही विचारली नाहीत. दवाखान्यात माझ्या खऱ्या उपयोगी पडलं ते अडकलेल्या झेरॉक्स मशीनमधून कागद न फाडता काढणं, आणि ते मला शिपायाने फुकट शिकवलं. सकाळी आठला दार उघडायचं, खुर्च्या पुसायच्या, नावं लिहून घ्यायची, वजन, ताप, रक्तदाब बघून कागदावर आकडे टाकायचे आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. डॉक्टर माणूस चांगला आहे. पण त्यांच्यासमोर बसलेल्याचा चेहरा ते नंतर बघतात, आधी कागद बघतात. चाळीस पेशंट असले की दुसरं करणार तरी काय. रडणारी पोरं, रांगेवरून भांडणारे म्हातारे, सगळं आपल्या अंगावर. डॉक्टरांना उशीर झाला तरी शिव्या आपल्यालाच. दुरून डोंगर साजरे दिसतात गं, आणि माहितीपत्रकावरची ती हसरी मुलगी तर फारच दूरची आहे.

फी भरताना माझं मन होत नव्हतं, हे तुला माहीत नसेल. आईने भरली. लोकांच्या पँटी आखूड करून आणि चेन बदलून जमवलेले पैसे तिने पाकिटात घालून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, घे, निदान घरात एक तरी माणूस असं हवं ज्याला माझ्या गोळ्यांची नावं वाचता येतील. माझा पांढरा कोट तिने स्वतः बेतून घट्ट केला. नोकरी लागल्यावर तुमच्या गावातला दवाखाना सोडून दर तीन महिन्यांनी दीड तास बसने माझ्याकडे यायला लागली. तपासणी फुकट होती हे खरं, पण ती त्यासाठी येत नव्हती. रांगेतल्या बायांना सांगायला मिळायचं म्हणून येत होती. ती आत आहे ना, ती माझी थोरली. मी आतून ऐकायचे आणि मला लाज वाटायची. आता ते शब्द पुन्हा ऐकायला मिळावेत म्हणून मी काय वाटेल ते देईन. पण चार महिन्यांपूर्वी तिचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एका सकाळी एकदमच गेलं, आणि ते आता परत येईल असं तिच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईही म्हणत नाहीत.

तू लिहिलंस, ताई, तू आईचं सगळं वेळेवर बघितलंस, मलाही तसं बघता यावं म्हणून शिकायचंय. हे वाक्य वाचलं आणि मी पत्र घडी करून डब्यात टाकलं. दोन दिवस त्याला हात लावला नाही.

तुला आमच्या कामातली एक रीत सांगते. ती कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. उलट, न मोजता आकडा लिहू नये हा प्रश्न परीक्षेत आला होता आणि त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. दवाखान्यातल्या जुन्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं की जे नेहमीचे पेशंट फक्त त्याच गोळ्या पुन्हा लिहून घ्यायला येतात, त्यांच्या बाबतीत गर्दीच्या दिवशी 'मागचं पुढे ओढायचं'. म्हणजे मागच्या वेळचा रक्तदाबाचा आकडा बघायचा आणि दोन-चार इकडेतिकडे करून आजच्या तारखेला लिहायचा. पट्टा बांधायचा नाही, हवा भरायची नाही. माणशी चार मिनिटं वाचतात. सगळेच करतात, असं त्या म्हणाल्या. आधी माझा हात अडखळायचा. वर्षभराने अडखळेनासा झाला. कुणाला काही झालं नाही, म्हणजे काही होतच नाही, असं मी धरून चालले.

आई शेवटची आली तो सोमवार होता. जुन्या बाई रजेवर होत्या, बाहेर चाळीस माणसं होती आणि मी एकटी. तिचा नंबर आला, ती स्टुलावर बसली आणि मी काही म्हणायच्या आधीच तिने उजवी बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. दोन दिवस डोकं जड वाटतंय, नीट बघ गं, म्हणाली. मी म्हटलं, आई, बसने आलीस म्हणून होतं, तुझं नेहमीचंच असतं. आपल्याच आईला जास्त वेळ दिला असं रांगेत कुणी म्हणू नये, हेही मनात होतं. मी मागचं पान उघडलं. एकशे तीस, चौऱ्याऐंशी होतं. मी एकशे अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी लिहिलं आणि तिची बाही माझ्या हाताने खाली ओढली. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, मुलीने तपासलं ना नीट? आईने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. डोक्याचं तिने त्यांना सांगितलंच नाही. अकरा दिवसांनी ती पडली. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी माझाच कागद वाचून सांगितलं की अकरा दिवसांपूर्वी सगळं ठीक होतं, हे अचानकच झालं, कुणाला काही करता आलं नसतं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावलास. तो खोटा आहे. मी तिचा रक्तदाब बघितलाच नाही. हे माहीत असलेलं माझ्याशिवाय आजवर या जगात एकच माणूस होतं आणि त्याला आता बोलता येत नाही. तिला उकडत नाही गं. ती मला पट्टा बांध म्हणतेय. मी आले की ती तेच करते, मी बघते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. या पत्राबरोबर रक्तदाबाचं मशीन पाठवलंय. तिला पाच मिनिटं शांत बसू दे, हाताखाली उशी दे, पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांध, ती बाही वर करील तेव्हा प्रत्येक वेळी बांध, आणि येईल तो आकडा तिला मोठ्याने वाचून दाखव. एवढ्याला फी लागत नाही. मला तिच्यासमोर बसून हे करायची हिंमत नाही, आणि आता तिचं काही परत येणारही नाही. फाईलमधला तो कागद काढ आणि तुला वाटेल त्याला दाखव.

मला अजूनही आपली म्हणावंसं वाटलं तर,
तुझीच,
ताई