विडा घेण्याआधी

ती. खापरपणजोबा,
जयनगरहून वसुमतीचा नमस्कार.

जहागीरदारांची येलहंक्याकडची जमीन इंग्रजांनी अडवली, तेव्हा त्यांचे वकील म्हणून तुम्ही साहेबाला भेटलात. साहेबाने बसताक्षणी हसून विडा पुढे केला आणि तुम्ही तो घेतलात. विडा घेतला की भेट संपली, हा दरबारी रिवाज. जमीन गेली. तुम्ही भांबावलात की फितूर झालात, घरात अजून वाद चालतो.

आज त्याच जहागीरदारांचे वंशज श्रीरंगराव आले. माझी खोड बघा, ते आल्याआल्या मी विडा पुढे केला.

ते हसले. "स्वल्प थांबा, अक्का. आधी मागणं." मुलासाठी त्यांनी आमच्या लेकीला, आश्लेषाला मागितलं. तिने मान डोलावली, तेव्हाच त्यांनी विडा उचलला.

आजोबा, 'थांबा' म्हणायला तुम्हाला कोणी अडवलं होतं?

तुमची चौकस,
वसू