नऊ नोव्हेंबरची शिंक

मु. पो. धाड, जि. बुलढाणा
२८ ऑक्टोबर

आदरणीय धम्मरत्नदादा यांस,

गुलाबरावचा सविनय जय भीम. आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि नागपूरची हवा ठीक असेल असं धरून चालतो. इकडे जनकाबाई बरी आहे, सोयाबीन निघालं, माझं बीपी वाढलं. ते काऊन वाढलं हे सांगायलेच हे पत्र. (फोन करणार होतो, पण फोनवर तू मधातच 'आवाज कटून राह्यला' म्हणतोस. कागद कटत नाही. आणि ते आपण-बिपण आता संपलं. सात महिन्यांनी मोठा मावसभाऊ आहेस, तेवढ्याले दोन ओळी पुष्कळ झाल्या.)

आपला पुतण्या रवी शाळेत मास्तर आहे. फळ्यावर रोज दिनविशेष लिहून त्याचं मन भरलं नाही म्हणून त्यानं मोबाईलवर 'संगीत दिनविशेष' नावाचा ग्रुप काढला. आजच्या तारखेले गाण्याच्या दुनियेत काय घडलं ते रोज सकाळी येते. कोण्या देशातल्या गिटारवाल्यानं भर कार्यक्रमात गिटार आपटली, कोण्या बाईची तबकडी किती लाख खपली, कोण जन्मला, कोण गेला. मी चहासंग वाचतो. (त्या गिटारीचं मले तीन दिवस वाईट वाटलं. माझा बेंजो दोनदा मोडला, दोन्ही वेळा मीच डिंकानं चिकटवला.) तर परवा त्यानं पुढच्या महिन्याची यादी टाकली. ९ नोव्हेंबर १९९१ : धाडचे सुपुत्र धम्मरत्न यांनी आपल्या पहाडी आवाजात ते अजरामर भीमगीत अकोल्यात ध्वनिमुद्रित केले. आणि खाली बारीक अक्षरात : बेंजो, गुलाबराव (माहिती उपलब्ध नाही). दादा, मी रवीच्या घरापासून तिसऱ्या घरात राहतो. त्याच्या लग्नाचा मांडव मी उभा केला. अन् माझी माहिती उपलब्ध नाही.

तुले त्या दिवसाचं आठवत नसेल, तर मी आठवून देतो. अकोल्याच्या स्टँडावर तू बर्फाचे दोन गोळे खाल्ले, एक लाल, एक हिरवा. नोव्हेंबर महिन्यात. स्टुडिओत पोचेपर्यंत तुझ्या गळ्यातून नुसती हवा येऊन राह्यली होती. कॅसेटीचं कव्हर आधीच छापून आलेलं, त्यावर तू कोटात. (कोट माझ्या सासऱ्याचा.) तू हातानं खूण केली, 'गाणं तूच म्हण'. मी म्हटलं. बेंजो बी मीच, गाणं बी मीच. भिंतींले गाद्या टांगल्या होत्या, त्यातला कापूस नाकात गेला आणि तिसऱ्या कडव्याच्या आधी, ढोलकी थांबते तिथं, मी शिंकलो. माझी जोडशिंक अख्ख्या गावाले माहीत. पण बुलढाण्याची गाडी निघून चालली होती, म्हणून ती शिंक तशीच राहू दिली. तू माझ्या छातीवर बोट ठेवलं, मग कव्हरावर ठेवलं, म्हणजे पुढच्या कॅसेटीवर माझा फोटो. पुढची कॅसेट तू नागपुरात काढली, दुसऱ्या बेंजोवाल्यासंग. चौतीस वर्षं मी ब्र काढला नाही. घरची गोष्ट म्हणून. तू कार्यक्रमात वरचा सूर आला की माइक लोकायपुढे धरतोस, लोकायले वाटते काय मोठ्या मनाचा माणूस. मी बी खाली बसून टाळ्या वाजवल्या आहेत.

पण ते 'उपलब्ध नाही' मले झोंबलं. रवीले जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणे, काका, पुरावा पाहिजे, ग्रुपमध्ये तीनशे लोक आहेत. ढोलकीवाला भगवानराव तर गेला, साक्षीले आता तू आणि मी. मी म्हटलं, मोबाईलवर गाणं लाव, माझी शिंक येते. त्यानं लावलं. ढोलकी थांबली, मी बोट वर केलं, आणि काहीच नाही.

"काका, तिथं खराब आवाज होता," रवी म्हणे. "नेटवर टाकताना मीच साफ केला."

उभ्या जन्मात माझी म्हणून ओळखू येईल अशी एकच गोष्ट रेकॉर्ड झाली होती, ती त्यानं साफ केली.

मग कळलं, गावातल्या शालिग्रामकडे जुनी कॅसेट आहे. भर उन्हात सायकलनं त्याच्या वावरात गेलो. त्यानं मले बांधावर नेलं. कॅसेटीतली टेप ज्वारीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, वाऱ्यानं गुणगुणत होती. शालिग्राम खुशीत म्हणे, "एक पाखरू बसत नाही, भाऊ." मी टेप सोडवायले लागलो. मी गुंडाळत पुढे, पाखरं मागे. शालिग्रामची बायको विळा घेऊन आली तेव्हा थांबलो. उन्हानं टेप पार पांढरी झाली होती, तिच्यात ना मी राह्यलो होतो ना तू.

आता रवीनं ९ तारखेले बाजारओट्यावर तुझा सत्कार ठेवला आहे. मानपत्र मले लिहायले लावलं, कारण अक्षर माझं चांगलं. 'पहाडी आवाज' लिहिताना पेन दोनदा अडला. पण लिहिलं. मात्र सत्काराले मी येणार नाही, त्या दिवशी पोरीकडे, सुवर्णाकडे शेगावले जाईन. मले राग आला आहे दादा, आणि वाईट बी वाटलं आहे. तू मोठा झाला त्याचं नाही. चौतीस वर्षांत एका माणसापाशी तू माझं नाव घेतलं नाही, त्याचं.

वहिनींले जय भीम.

तुझा,
गुलाबराव (माहिती उपलब्ध)

ता. क. : तिथं तू गाऊ नको, गळा बसला म्हण, तुले सवय आहे. मले बी म्हणायले लावू नको. परवा आंघोळ करताना म्हणून पाह्यलं, वरचा सूर आता माझा बी लागत नाही. जनकाबाईनं बाहेरून विचारलं, पोट दुखते काय. रवीले म्हण, मोबाईलवरचंच लाव.

आणखी एक : सुवर्णाले फोन केला होता, ती त्या दिवशी घरी नाही. म्हणून येतो. तिसऱ्या ओळीत बसेन. तिसऱ्या कडव्याआधी ढोलकी थांबली की तिथं आता रिकामी जागा आहे. तिथं मी शिंकेन. (तपकीर आणून ठेवली आहे.) लोक हसतील, रवी डोळे वटारेल. तू काही बोलू नको, माइक बी घेऊ नको. फक्त खुर्चीवरून मान वर करून एकदा माझ्याकडे पाह्यजो. मी तेवढ्यावर घरी जाईन.