शाळेमागचं शेत

वारजे, पुणे
८ फेब्रुवारी २००३

चि. प्रज्ञेश यास आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुमच्या सुरुंग काढायच्या कामाला पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेने हात आखडता घेतला, हे तुझ्या पत्रातून कळलं. खरं सांगू, मला आनंद झाला. तू कंबोडियात गेल्यापासून पोस्टमन दिसला की मी आधी पाकिटावरचं अक्षर तुझंच आहे ना, ते बघते. तू म्हणतोस, मी ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर नकाशे करतो. नकाशे इथेही करता येतात. हिंजवडीत रोज नवी कंपनी उघडते आहे आणि निकिताच्या ऑफिसात जागाही आहे. ती विचारते, दादाला तिथे पगार मिळतो की नुसती मच्छरदाणी?

बाबा दिवसभर बातम्या लावून बसतात. आता पुरे झालं, ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई

कंबोडिया
२१ फेब्रुवारी २००३

ती. आईस सविनय जयभीम. वि. वि.

निकिताला सांग, मच्छरदाणीही स्वतःचीच आणावी लागते.

आई, लगेच निघता येणार नाही. इथल्या शाळेमागचं शेत अर्धंच साफ झालंय. उरलेल्या भागात लाल पाट्या लावल्यात, पण जवळची वाट तीच, म्हणून मुलं तिथूनच घरी जातात. गेल्या महिन्यात एका मुलीचा पाय गेला. आमच्या माणसांचा दोन महिन्यांचा पगार निघाला, तर ते काम पुरं होईल. आपल्या विहाराच्या कमिटीला मी मदत मागितली आहे. तू महिला मंडळाची अध्यक्ष, तुला बाहेरून कळू नये म्हणून लिहितोय.

आणखी एक. शेत गावाला परत देताना, साफ करणाऱ्यांनी आधी त्यावरून चालून दाखवायचं, अशी इथली रीत आहे. त्याशिवाय लोक तिथे नांगर घालत नाहीत. नकाशा माझा, म्हणून मीही चालणार. मलाही भीती वाटते.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
प्रज्ञेश

वारजे, पुणे
११ मार्च २००३

चि. प्रज्ञेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चालून दाखवणार म्हणे. ऑफिसात बसतो म्हणणारा तूच ना?

रविवारी विहारात बैठक झाली. आवाराच्या भिंतीसाठी जमवलेले पैसे तुमच्याकडे पाठवायचे का, एवढाच विषय होता. भिंतीसाठी सगळ्यांत जास्त खपल्या त्या यमुनाबाई. त्याच उठून म्हणाल्या, की पोरगा ललिताचा आहे, ती नको म्हणाली तर पाठवायचे नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नको म्हटलं असतं, तर तू पुढच्या महिन्यात घरी असतास. शब्द अगदी ओठांवर होता. पण त्या मुलीची आई डोळ्यांपुढून हलेना. मी म्हणाले, "द्या."

म्हणजे तुला तिथे ठेवून घ्यायचे पैसे मीच पाठवते आहे. कसे पाठवायचे ते विचारायला बाबा उद्या बँकेत जातील.

चालायचा दिवस मला आधी कळवू नकोस. चालून झालं की फोन कर. मी उचलणार नाही, बाबा उचलतील. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहीन.

तुझी,
आई