निखाऱ्यावरचं मटण आणि फुलसिंगचा हेतू

मानोऱ्याजवळचा तांडा,
माघ महिना, १९७४

राजमान्य राजेश्री हरिसिंगभाऊ यांस धाकट्या मेहुण्याचा, लालसिंगचा, हात जोडून रामराम. सेवाभायाच्या कृपेनं इकडे सगळे बरे आहेत, निदान सगळे तसं म्हणतात. तुमचा गुडघा कसा आहे? रेल्वेच्या दवाखान्यातली गोळी घेण्याआधी ती कशाची आहे हे आणखी कोणाला तरी विचारा. फुकटच्या औषधावर माझा भरवसा नाही.

जऊळका स्टेशनावरून रजा मिळाली नाही म्हणून तुम्ही तुमच्या भाचीच्या, मोतीच्या, सगाईला आला नाहीत (नाकारली की मागितलीच नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत). तेव्हा काय घडलं ते माझ्याच तोंडून ऐका. तुमची बहीण धनीबाई वेगळं सांगेल.

नवरदेवाचे आजोबा सोमला नाईक, रिसोडकडचे. त्यांनी आधीच निरोप धाडला होता की मटण निखाऱ्यावर भाजलेलंच पाहिजे, रस्सा आजाऱ्यानं प्यावा. रश्श्याचं बरं असतं भाऊ, पाव्हणे उशिरा आले तर पाणी ओता, जास्त आले तरी पाणी ओता. भाजलेलं मटण मात्र कोणासाठी थांबत नाही. लवकर चढवलं तर चामडं, उशिरा चढवलं तर कच्चं. आणि मागे एका घरी कच्चं निघालं म्हणून हा म्हातारा सगाईचा गूळ न खाताच उठून गेला होता, ते स्थळ तिथंच मोडलं. पोरीचं सारं नशीब सळईला लटकलेलं!

अशा वेळी धनीबाईनं मला न विचारता कोणाला बोलवावं? शेजारच्या फुलसिंगला! ज्याच्याशी माझं शेताच्या धुऱ्यावरून दोन वर्षं बोलणं नाही, त्याला! आला तो चर खणून, बाभळीच्या लाकडांचा इस्तो पेटवून मोकळा. पाव्हणे फाट्यापर्यंत एस्टीनं आणि तिथून बैलगाड्यांनी येणार होते. फुलसिंग मला म्हणाला, "बैलगाड्याईचा धुराळा दिसल्याबिगर मटन चढवू नका. एस्टीचा काय भरोसा?"

मी तेव्हाच ओळखलं. पाव्हण्यांना उपाशी ताटकळत बसवून माझी अब्रू घालवायची, हा डाव. त्यात तो सारखा मटणाचं पातेलं उघडून वास घेत होता. (लसूण मुरला का ते बघतो म्हणे. मुरायला लसूण काय घरजावई आहे?) मी त्याला पत्रावळी आणायला पिटाळलं आणि सगळ्या सळया स्वतः निखाऱ्यावर मांडल्या.

एस्टी वाटेत बंद पडली. मटण मात्र चालू होतं. आधी लाल, मग तपकिरी, मग असं काही झालं की त्याची चप्पल शिवता आली असती.  पातेल्यात उरलेलं मटण तरी चढवावं म्हणून धावलो, तर पातेलंच गायब! नेमक्या त्याच वेळी पाव्हण्यांच्या बैलगाड्या तांड्यात शिरल्या.

माझा तोल गेला. फुलसिंगच्या घरापुढे उभा राहून, सगळ्या पाव्हण्यांदेखत, "चोर! चोर!" असं ओरडलो. त्याची बायको हिरीबाई दार उघडून बाहेर आली. आत सावलीत ओल्या फडक्याखाली पातेलं, बाजूला वारा घालायचं सूप. उन्हात मटण नासेल म्हणून फुलसिंगच उचलून घेऊन आला होता. तो मागून आला, जळालेल्या सळयांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "आता बोंबलत राह्यता का इस्तो फुकता?"

मी फुकला. डोळ्यांतून पाणी आलं, ते धुराचं. मटण असं उतरलं की सोमला नाईकांनी पत्रावळ दुसऱ्यांदा पुढे केली. मग बोटं चाटत त्यांनी विचारलं, "भाजनारा कोन हाय?"

"आमचा शेजारी," मी म्हणालो.

"मंग चोर कोन होता?"

मी पुन्हा इस्तो फुकायला वाकलो. धनीबाई पदराआडून म्हणाली, "चोर कोनी नाई, नाईक. याईले रोज कोनी ना कोनी चोर दिसतेच."

म्हातारा हसला आणि गूळ मागितला. मोतीचं लग्न वैशाखात ठरलं. फुलसिंग मात्र आमच्या पंगतीला बसला नाही. हात धुऊन घरी गेला.

आपला नम्र,
लालसिंग

ता. क. : लग्नातही म्हाताऱ्याला तेच मटण पाहिजे, आणि तेही त्याच माणसाच्या हातचं. चोर म्हटलेल्या माणसाच्या दारी मी कोणत्या तोंडानं जाऊ? तुम्ही मोठे आहात, तुमचा शब्द कोणी मोडत नाही. पहिल्या गाडीनं या आणि माझ्या वतीनं त्याची माफी मागा. पत्र त्याचसाठी लिहिलं.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात फुलसिंग स्वतःच आला. खाटेवर बसून म्हणतो, "मोतीच्या लग्नाचं मटन मीच भाजतो, तुमी फक्त सळयाईपासून दूर राहा." न मागता! माफीसुद्धा न मागवता! भाऊ, आता माफीचं राहू द्या. त्याला नेमकं काय पाहिजे, ते शोधायला तरी या.